'पिन मोकळी आहे' म्हणजे नेमकं काय? एका कर्नल पॅचची चाचणी

समजा, सोयाबीनच्या शेतातला ओलावा मोजायला तुम्ही एका छोट्या लिनक्स बोर्डाला सेन्सर जोडताय. कुठली पिन मोकळी आहे हे बघायला 'जीपीआयओइन्फो' कमांड चालवली. उत्तर आलं, 'अनयूज्ड'. पण पिन मागितली तर कर्नल नकार देतो! मग खरं काय?

कर्नलमध्ये एकाच पिनच्या दोन नोंदी असतात. कुठल्या प्रोग्रॅमने किंवा ड्रायव्हरने ती जीपीआयओ म्हणून घेतलीय, ही एक. ती आय-टू-सी, एसपीआय अशा दुसऱ्या कामाला जोडलीय का, ही दुसरी. ती पिनकंट्रोल विभागाकडे असते. माहिती देताना कर्नल फक्त पहिली नोंद बघायचा. 2019 च्या एका पॅचने त्याला दुसरीही बघायला लावलं. पण एक अट आहे: पिन कंट्रोलरचा ड्रायव्हर 'स्ट्रिक्ट' असला पाहिजे, म्हणजे एका वेळी एकच मालक मानणारा.

असा पॅच तपासायचा कसा? आधी बोर्ड तोच ठेवून दोन कर्नल तयार करा, एक पॅचशिवाय, एक पॅचसह. मग तीन पिना निवडा:

1. कुणीच न वापरलेली.
2. एलईडीसाठी प्रोग्रॅमने धरून ठेवलेली.
3. आय-टू-सीला दिलेली.

कमांड चालवण्याआधीच अपेक्षित उत्तरं वहीत लिहा. फरक फक्त तिसऱ्या पिनेत दिसायला हवा. पहिलीही 'यूज्ड' दिसू लागली तर पॅच चुकलाय. नंतर आय-टू-सी बंद करा. तिसरी पिन परत मोकळी दिसते का? डीबगएफएसमधली 'पिनमक्स-पिन्स' फाइल उघडून खरा मालक पडताळून बघा.

आता उलट बाजू. ड्रायव्हर स्ट्रिक्ट नसेल तर पॅच लावूनही उत्तर जुनंच येणार. शिवाय तिथे कर्नल नकारही देत नाही. पिनचं काम गुपचूप बदलू शकतं आणि सेन्सरचे आकडे थांबतात. म्हणून कुठल्या बोर्डावर, कुठल्या ड्रायव्हरवर तपासलं हे अहवालात लिहायलाच हवं. नुसतं 'चालतंय' लिहून काही कळत नाही.

उत्तर बरोबर आलं म्हणजे चाचणी संपली, असंही नाही. याच कोडची पुढे फेरमांडणी झाली तेव्हा पिनकंट्रोलला विचारणारं फंक्शन स्पिनलॉक धरलेला असताना बोलावलं जाऊ लागलं. ते आत म्यूटेक्स घेतं, म्हणजे झोपू शकतं, आणि स्पिनलॉक धरून झोपणं कर्नलमध्ये चालत नाही. 2020 मध्ये हे दुरुस्त झालं: आधी विचारायचं, मग लॉक घ्यायचा. असा दोष कमांडच्या उत्तरात दिसेलच असं नाही. त्यासाठी कर्नलचे डीबग पर्याय चालू ठेवा आणि डीमेसेज वाचा.

त्या दुरुस्तीनंतरही विचारणं आणि लॉक घेणं यांत एक क्षण उरला. तेवढ्यात परिस्थिती बदलू शकत होती. म्हणजे 'मोकळी' हे उत्तर त्या क्षणापुरतंच. तुमच्या प्रोग्रॅमने पिन मागावी आणि नकार आला तर तो नीट हाताळावा.

या सगळ्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बोर्ड, मेमरी कार्ड, एलईडी, रेझिस्टर, चार वायरी आणि वही असली की डोणगावात बसूनही होतं. नीट केलेल्या चाचणीची कर्नलच्या इतिहासात 'टेस्टेड-बाय' म्हणून नावानिशी नोंद होऊ शकते. आणि पीएचडीला लागणारी खरी सवयही इथेच लागते: यंत्राने 'नाही' म्हटलं, तर त्याने नेमकं कुठे बघितलं होतं, हे आधी विचारा.