बंद दारांचा हिशेब

पाहणीच्या मुलाखती सुरू होण्याआधी गावात दोन माणसं येतात. एक नकाशा काढतो, दुसरा घरोघर हिंडून यादी करतो आणि दारांवर क्रमांक टाकत जातो. १९५६ साली स्थापन झालेली देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा गाडा हाकते, आणि तो गाडा हलतो तो या यादीपासून. यादीतून ठरावीक अंतराने घरं उचलली जातात : गावात २२, शहरातल्या प्रगणन गटातही २२.

घर निवडलं म्हणून ते बोलेलच असं नाही. खेड्यात ओसरीवर कुणी ना कुणी भेटतं, आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. शहरातल्या सोसायटीत मात्र वॉचमनच्या वहीपाशीच गाडी अडते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरांची माहिती मिळाली. घरांचा प्रतिसाद ९८ टक्के, स्त्रियांचा ९७, पुरुषांचा ९२. आकडे अभिमान वाटावा असेच आहेत. पण देशाच्या सरासरीत एखादी न बोलणारी वस्ती सहज दडून जाते.

समजा, एका जिल्ह्यात निवडलेलं प्रत्येक घर शंभर घरांच्या वतीने बोलतं. खेड्यात २२ पैकी २० घरं बोलली, तर त्या विसांना बाविसांचं ओझं उचलावं लागतं. प्रत्येकाचा भार ११० होतो. शहरी गटात ११ च बोलली, तर तिथला भार थेट २००. हे न करता सगळी उत्तरं एका ढिगात ओतली, तर जिल्हा खेड्याकडे कलतो. सिझेरियनचंच बघा : त्या फेरीत शहरी प्रमाण ३२.३ टक्के होतं आणि ग्रामीण १७.६. शहराची दारं बंद राहिली की जिल्ह्याचा आकडा उगाच खाली येतो, आणि तो आकडा पुढे आरोग्याच्या नियोजनात जातो.

भाराने प्रदेशांचं माप सरळ होतं. पण बंद दारामागचं घर उघड्या दारासारखंच असेल, हे आपण गृहीत धरलेलं असतं. नवराबायको दोघंही कामावर गेलेल्या घराची साक्ष शेजारच्या आजी कशी देणार? शिवाय मोजक्या घरांवर फार भार टाकला, की एका घराच्या उत्तराने सगळा आकडा डुलायला लागतो.

म्हणूनच या पाहणीत कुलूप दिसलं तरी शेजारच्या घराचा फॉर्म भरून जागा भरता येत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. शेजारी घेतला की २२ चे २२ पुरे दिसतात, आणि कोण सुटलं ते कागदावरून पुसलं जातं. त्याऐवजी मुलाखत घेणाऱ्या ताई पुन्हा येतात, तिसऱ्यांदाही येतात. सकाळी जमलं नाही तर संध्याकाळी, माणसं कामावरून परतायच्या वेळी, दारावरचा तोच क्रमांक शोधत.