पाठीवरचा १ किलो म्हणजे १३२ कंटेनर

न्हावा शेवा बंदरातून २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ७३ लाख कंटेनरांची ये-जा झाली. हा हिशेब २० फुटी पेट्यांचा आहे. ४० फुटी पेटी आली की ती दोन धरायची, अशी जगभरच्या बंदरांची रीत. आता ७३ लाखांना ३६५ ने भागा. रोज २०,००० पेट्या, तासाला ८३३. दिवाळी, होळी, रात्र, पाऊस सगळं धरून दर सव्वाचार सेकंदांना एक.

२० फुटी पेटीची लांबी ६.०६ मीटर. एका दिवसाच्या पेट्या एकामागे एक मांडल्या तर रांग १२१ किलोमीटरची होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटरचा आहे. म्हणजे तो संपला तरी रांग पुढे उरते. वर्षभराच्या पेट्या मांडल्या तर ४४,००० किलोमीटर. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. खाजणं आणि मिठागरांच्या जागी उभं राहून २६ मे १९८९ ला सुरू झालेलं हे बंदर आज वर्षाला पृथ्वीला एक वेढा घालून वर चार हजार किलोमीटर उरेल एवढ्या पेट्या हलवतं.

सॅक पाठीला लावून महिनोन्‌महिने चालायला निघणाऱ्याने हे आकडे वाचावेत, कारण त्याचा प्रश्न अगदी हाच आहे: किती वजन, किती अंतर, कोण वाहणार? २० फुटी पेटीच्या पोटात ३३ घनमीटर जागा असते. ६० लिटरच्या ठासून भरलेल्या सॅक रचल्या तर एका पेटीत ५५० मावतील. या हिशेबाने बंदरातून दिवसाला १ कोटी १० लाख सॅक जाऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. म्हणजे त्या सगळ्या मुंबईला ट्रेकला पाठवायचं ठरवलं, तर सामान साधारण २७ तासांत बंदराबाहेर.

वजन स्वस्त कसं झालं

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तोवर माल गोणी, पिंपं, खोकी अशा सुट्या रूपात हमालांच्या पाठीवरून जहाजात जायचा. त्या पद्धतीत चढवण्याचा खर्च टनाला ५ डॉलर ८६ सेंट होता. पेट्यांमुळे तो १६ सेंटांवर आला. सदतीस पटींनी स्वस्त.

पुढचं काम जहाजांच्या आकाराने केलं. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ आठवत असेल. लांबी ४०० मीटर, क्षमता २०,००० पेट्यांची, म्हणजे न्हावा शेवाचं पूर्ण एका दिवसाचं काम एकाच जहाजात. ते जवळपास २ लाख टन भार वाहू शकतं आणि त्याचं इंजिन ५९,००० किलोवॅटचं. भागाकार केला की टनामागे सुमारे ३०० वॅट येतात. तुमच्या ओट्यावरचा मिक्सर याहून जास्त शक्ती खातो.

आता माणूस घ्या. सॅक घेऊन ताशी ४ किलोमीटरने चालणारा मध्यम बांध्याचा माणूस तासाला साधारण ३०० किलोकॅलरी जाळतो, म्हणजे ३५० वॅट. एवढं करून तो नेतो १२ किलो. जहाज जवळजवळ तेवढ्याच शक्तीत १,००० किलो नेतं, तेही दहापट वेगाने. इंजिनात निम्मं इंधन वाया जातं असं धरलं तरी एक किलो एक किलोमीटर नेण्यात माणूस चारशे पटींहून महाग पडतो. दूरदेशीहून येणारा तंबू, बूट, हेडटॉर्च, पॉवर बँक या वस्तू बंदरापर्यंत जवळजवळ फुकट येतात. भाव खरा सुरू होतो तो सॅकचे पट्टे खांद्यावर आल्यावर.

एव्हरेस्ट एका पेटीत

न्हावा शेवासमोरच्या खाडीच्या पलीकडे, मुंबई बंदरात, १९५३ च्या फेब्रुवारीअखेर ‘स्ट्रॅथेडन’ हे जहाज लागलं. त्यातून ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचे गिर्यारोहक आणि त्यांचं सामान उतरलं, रेल्वेने देश ओलांडून नेपाळच्या वेशीवर गेलं आणि काठमांडूच्या खोऱ्यातून माणसांच्या पाठीवर चढलं. हमाल होते साडेतीनशेच्या वर. माणशी २७ किलो धरले तरी ओझं साडेनऊ-दहा टनांच्या घरात जातं. २९ मे रोजी शिखरावर पोचले दोघे: एडमंड हिलरी आणि तेन्झिंग नोर्गे.

दोन माणसांना माथ्यावर उभं करायला तळाशी दहा टन. न्हावा शेवाच्या मापात हे वजन किती? २० फुटी पेटी २८ टनांपर्यंत माल घेते. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या चढाईचं सगळं ओझं एका पेटीच्या क्षमतेच्या जेमतेम एक तृतीयांश. बंदरात ते दीड सेकंदाचं काम ठरलं असतं.

सदतीस लाख पावलं

मराठी माणसाची सगळ्यांत लांबची पदयात्रा सह्याद्रीत होत नाही. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथे जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. खरा लांबचा पल्ला नर्मदा परिक्रमेचा. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरून २,६०० च्या वर. शास्त्राप्रमाणे ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस. आज बरेच जण चार-सहा महिन्यांत ती पुरी करतात. महाराष्ट्रातून दरवर्षी किती तरी माणसं निवृत्तीनंतर किंवा नोकरी सोडून या वाटेला लागतात.

एक पाऊल ७० सेंटिमीटरचं धरू. २,६०० किलोमीटरला ३७ लाख १४ हजार पावलं लागतात. सॅकमध्ये १ किलो जास्तीचा असेल तर तो प्रत्येक पावलाला कुठल्या तरी एका पायावर येतो. ३७ लाख वेळा १ किलो म्हणजे ३,७१४ टन. पेटीमागे २८ टन धरले तर १३२ भरलेले कंटेनर. बंदरातून सुटणारी नेहमीची मालगाडी ९० पेट्यांची असते. ही जवळपास दीड गाडी झाली.

हे पदार्थविज्ञानाच्या व्याख्येतलं ‘कार्य’ नव्हे, पायांनी झेललेल्या भाराची बेरीज आहे. कार्याचा हिशेब केला तर उलटंच आश्चर्य वाटतं. १ किलो वजन समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या १,६४६ मीटर माथ्यापर्यंत उचलायला लागते ४ किलोकॅलरी. शरीर चारातला एकच भाग कामी आणतं, म्हणून १६ धरा. तेवढी ऊर्जा पाच-सहा शेंगदाण्यांत मिळते. अन्नाच्या दृष्टीने जादा किलो क्षुल्लक आहे. त्याची किंमत टाचा, गुडघे, कंबर आणि खांदे मोजतात, आणि त्यांना शेंगदाण्यांनी भरपाई देता येत नाही.

याच मापाने वस्तू तपासा. एक लिटरची स्टीलची बाटली रिकामी असताना अर्धा किलो भरते, बाजारच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली ३० ग्रॅम. फरक ४७० ग्रॅम, म्हणजे परिक्रमेभरात ६२ कंटेनर. जीन्स साडेसहाशे-सातशे ग्रॅमची, भिजली की आणखी जड आणि दोन दिवस ओली; पातळ ट्रॅक पँट निम्म्याहून कमी. बुटांचा हिशेब वेगळा. १९८० च्या दशकातल्या लष्करी अभ्यासांत पायातलं वजन पाठीवरच्या वजनाच्या पाच-सहा पट महाग पडतं असं दिसलं, कारण ते दर पावलाला उचलून पुढे फेकावं लागतं. जोडीमागे पाव किलो वाचला तर पाठीवरचा सव्वा ते दीड किलो उतरल्यासारखं आहे. जाडजूड, घोट्यावर चढणारे बूट बर्फात हवेत. नर्मदाकाठी आणि उन्हाळी सह्याद्रीत हलका, चांगल्या पकडीचा बूट पुरतो.

शिदोरीचं गणित

दिवसभर सॅक घेऊन चालणाऱ्याला ३,५०० किलोकॅलरी लागतात असं धरू. त्या बटाट्यांतून घ्यायच्या तर साडेचार किलो बटाटे रोज. शिजवलेला भात २ किलो ७०० ग्रॅम. कोरडे पोहे १ किलो. शेंगदाणे ६२० ग्रॅम. निव्वळ तूप ४०० ग्रॅम, पण तूप पिऊन कोणी चालत नाही. हा फरक पाण्याचा आणि स्निग्धाचा आहे. बटाट्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणी. पाणी वाटेत मिळणार असेल तर ते बटाट्याच्या रूपात पाठीवर कशाला? स्निग्ध पदार्थ ग्रॅममागे ९ किलोकॅलरी देतात, पिष्ट ४.

हे आपल्या आज्यांना आकड्यांशिवाय कळलेलं होतं. दशम्या, धपाटे, सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळ-खोबरं ही प्रवासाची शिदोरी कोरडी, दाट आणि टिकाऊ. एका दिवसाचा शिधा असा जमतो: शेंगदाणे २०० ग्रॅम, पोहे आणि सातूचं पीठ मिळून २५०, गूळ १००, तूप ५०, सुकं खोबरं ५०, दुधाची पावडर ५०. एकूण ७०० ग्रॅम, ऊर्जा साधारण ३,४०० किलोकॅलरी. पोहे गार पाण्यात भिजतात, सातू गार पाण्यात कालवता येतं. त्यामुळे स्टोव्ह, भांडी आणि गॅस घरी ठेवता येतात; तिथेही किलोभर वाचतो.

पाणी मात्र वाळवता येत नाही. १ लिटर म्हणजे १ किलो, आणि मार्चनंतरच्या सह्याद्रीत माणशी ४-५ लिटर लागतातच. गडांवरची बरीच टाकी तेव्हा आटलेली असतात. वजन वाचवायला पाणी कमी करायचं नाही. वाट बदलायची आणि पाण्याचे मुक्काम जवळ आणायचे.

९१ किलोंचा पेच

रोज २० किलोमीटर चाललं तर परिक्रमेला १३० दिवस. ७०० ग्रॅमने शिधा होतो ९१ किलो. पाठीवर १५ किलोहून जास्त अन्न साधारण माणूस नेऊ शकत नाही, आणि ते २१ दिवसांत संपतं. कितीही महाग सॅक घ्या, अन्न स्वतः वाहून तीन आठवड्यांच्या पलीकडे जाता येत नाही. एव्हरेस्टच्या हमालांचंही गणित हेच: २७ किलो वाहणारा हमाल ओझ्यातूनच जेवला तर साधारण ३९ दिवसांत सगळं ओझं त्याच्याच पोटात जाईल.

लांबच्या वाटा चालवतात त्या वाटेवरच्या चुली. नर्मदाकाठी आश्रम आणि गावकरी परिक्रमावासीला जेवण देतात किंवा सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा. ती व्यवस्था आहे म्हणून झोळी, कांबळं, कमंडलू आणि दंड एवढ्यावर २,६०० किलोमीटर होतात. अमेरिकेतल्या अॅपलाचियन ट्रेलवरही दर काही दिवसांनी गाव लागतं. १९५५ मध्ये एमा गेटवुड ही ओहायोची ६७ वर्षांची, अकरा मुलांची आई ती ३,३०० किलोमीटरची वाट एकटीने चालली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिक पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पिशवीचं वजन क्वचितच ९ किलोंच्या वर जायचं.

म्हणून सामान निवडताना क्रम उलटा ठेवा. आधी वाट आणि तिच्यावरची पाण्याची, जेवणाची ठिकाणं. त्यावरून किती दिवसांचा शिधा जवळ हवा ते ठरवा. पाच दिवसांचा असेल तर साडेतीन किलो. मग झोपणं, पाऊस, पाय आणि औषधं. बाकीची प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, ग्रॅम कागदावर लिहा आणि पावलांनी गुणा. भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत आली पाहिजे. ६५ किलोच्या माणसाला १३ किलो. त्यावर जे उरेल ते कपाटात राहू द्या. न्हावा शेवाला एक किलो जास्त झाला तर क्रेनला कळतही नाही. तुमच्या गुडघ्यांना पहिल्याच संध्याकाळी कळेल.