एका लेजरात सगळी खाती?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत हमखास भेटणारं उदाहरण म्हणजे बँकेचं खातं. जमा, नावे, शिल्लक! निवृत्तीनंतर जावा शिकताना मला या जुन्या सोबत्याचा फार आधार वाटला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीचं घोडं मात्र तिथेच अडलं. खातं, खातेदार, शाखा हे सारे क्लास तिने एकाच फायलीत लिहिले होते आणि प्रोग्रॅम चालतही होता. "मग काका, तोडायचं कशाला? मार्कांसाठी?"

प्रश्न रास्त आहे. जावात 'पब्लिक' क्लासच्या फायलीला त्याचंच नाव द्यावं लागतं, त्यामुळे एका फायलीत असा एकच मावतो. सी प्लस प्लसमध्ये सक्ती नाही, पण वहिवाट दोन फायलींची: हेडरमध्ये क्लास काय करतो ते, दुसरीत कसं करतो ते. पायथॉन तर कशालाच हरकत घेत नाही. तेव्हा नुसता नियम दाखवून तिचं समाधान होणार नव्हतं.

मी तिला व्याजाची गोष्ट सांगितली. पूर्वी बचत खात्याचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर निघे. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर निघू लागलं. नाव, पत्ता, पासबुक सगळं तेच. बदलली फक्त व्याजाची रीत. ती लांबलचक फायलीत चार ठिकाणी विखुरली असेल आणि एक जागा नजरेतून सुटली, तर पैसे कुणा पेन्शनराचे जातात! बदलू शकणारा निर्णय एका कप्प्यात झाकून ठेवावा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडलं होतं.

आता, झाकण्याचं काम क्लासचं, फायलीचं नव्हे. पण फायली वेगळ्या केल्या की लपंडाव उघडा पडतो. पुतणीने 'खातं' वेगळं काढलं, तर त्याला जागोजागी 'शाखा' लागत होती. ती गुंतवळ सोडवण्यात तिची अख्खी संध्याकाळ गेली. अर्थात दहा ओळींच्या मदतनीस क्लासला स्वतंत्र फाईल हवीच, असं मी म्हणणार नाही. दोन व्हाउचरांसाठी आम्ही नवं लेजर बांधत नसू.

आता तिच्या पाच फायली झाल्या आहेत. व्याजाची रीत खात्यातच ठेवावी की तिचा वेगळा क्लास करावा, यावर आमचं अजून एकमत नाही.