५७,६९८ माणसांचं गाव आणि सोमवारचा कचरा

लोणावळा नगरपरिषदेचं पर्यावरणाचं काम जोखायचं असेल तर सुशोभित चौक आणि रंगवलेल्या भिंती बाजूला ठेवाव्यात आणि पावसाळ्यातल्या सोमवारचा कचरा पाहावा. शनिवार-रविवारची गर्दी घाट उतरून गेलेली असते आणि तिचं उरलंसुरलं घंटागाडीत चढत असतं: भाजलेल्या कणसांची बुरकुंडं, मक्याची ओली पानं, चहाचे कागदी कप, चिक्कीची पाकिटं, बंगल्यांच्या फाटकाबाहेर ठेवलेल्या आणि रात्रीतून कुत्र्यांनी फाडलेल्या काळ्या पिशव्या. जळका मका, लिंबू आणि आंबलेला भात यांचा मिळून एक वास होतो, तो पावसानेही धुतला जात नाही. कचरा निवडायला बसलेली बाई वेफर्सचं पाकीट उचलते, उलटं करते, आतलं पाणी झटकते आणि मगच सुक्यात टाकते, कारण चिखलाने माखलेल्या ओल्या प्लॅस्टिकला भंगारात कोणी विचारत नाही. हवामान कृती हा शब्द सरकारी कागदांवर आता सर्रास दिसतो. लोणावळ्यात त्याचा अर्थ प्रामुख्याने या मनगटाच्या झटक्यात आहे. ओला कचरा ढिगात दडपला की हवेअभावी कुजतो आणि मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीसपट उष्णता धरतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात सौरपट्ट्या ऐन पावसाळ्यात कितीशा चालणार? ओलं-सुकं वेगळं करणं मात्र बाराही महिने चालतं.

हे काम लोणावळ्याने केलेलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील शहरांमध्ये विटा पहिलं आणि लोणावळा दुसरं आलं. २०२३ मध्ये त्याच गटात लोणावळा तिसरं होतं. राज्याने २ ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियान सुरू केलं, पंचमहाभूतांच्या नावाने गुण वाटले आणि नगरपरिषदांना झाडं, पाणी, ऊर्जा, कचरा यांचा एकत्र विचार करायला लावला, हेही चांगलंच. पण ‘एक लाखाखालील’ हा शब्दप्रयोग लोणावळ्यापुरता फसवा होता. २०११ च्या जनगणनेत इथे ५७,६९८ माणसं होती. तो आकडा घरात झोपणाऱ्यांचा. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसणारा, टायगर पॉइंटवर भजी खाणारा, शुक्रवारी रात्री येऊन रविवारी संध्याकाळी कुलूप लावणारा त्यात नाही. कचरा दोघांचा, गट मात्र एकाचाच. म्हणून बक्षीस खरं असलं तरी मोजपट्टी आखूड आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पर्यटक हेच तर गावाचं पोट आहे, त्यालाच दोष कसा द्यायचा? चिक्कीवाले, रिक्षावाले, हॉटेलांतली पोरं, बंगल्यांचे माळी, सगळे त्याच्यावर जगतात. मुद्दा बरोबर आहे. पण पाहुण्याच्या पंगतीचा खर्च स्वैपाकघरात राबणाऱ्यांनीच सोसावा असं त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर घेतात, महाबळेश्वर-पाचगणीतही वेशीवर वसुली होते. लोणावळ्याने तसं करावं म्हटलं तर इथे वेसच नाही. जुना महामार्ग गावातून जातो, द्रुतगती मार्ग शेजारून आणि रेल्वे मधून. नाका टाकला तर पुण्याहून मुंबईला निघालेलाही त्यात अडकेल. हे मान्य करावंच लागतं.

पण मुक्कामाला येणाऱ्याला वेशीवरच गाठलं पाहिजे असं कुठे आहे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी हॉटेलांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं होतं. त्यापुढे ‘शक्य असेल तितपत’ अशी पुस्ती जोडली आणि पळवाट ठेवली. (आपल्याकडच्या नियमांचा जीव बहुतेक वेळा अशा पुस्तीतच जातो.) जागा नाही, पावसात खत होत नाही, ही कारणं ऐकायला येतात. पावसाचं कारण अर्धं खरं आहे: उघड्यावरचा ढीग भिजला की खत न होता चिखल होतो आणि काळं पाणी वाहू लागतं. पण त्याला उपाय छपराचा आणि सुक्या भुश्याचा. हॉटेल ज्याला बांधता येतं त्याला पत्र्याची शेड जड जाऊ नये. भाड्याने जाणारे बंगलेही याच हिशेबात धरायला हवेत. पंधरा-वीस जणांचा गट उतरवून घेणारा बंगला घरगुती कसा?

हे न झाल्याचा भार पडतो तो हद्दीबाहेर. लोणावळ्याचा कचरा डेपो वरसोलीला, म्हणजे शेजारच्या ग्रामपंचायतीत. नगरपरिषदेचं शहर जितकं चकचकीत, तितका वरसोलीचा ढीग महत्त्वाचा, पण बक्षिसाच्या फलकावर वरसोलीचं नाव नसतं. पाण्याचंही तेच. कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी लोणावळ्याचं सांडपाणी घेऊन कार्ला, कामशेतवरून पुढे देहू-आळंदीला जाते, आणि आळंदीत फेस दिसला की बोट पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे जातं. ते चुकीचं नाही. पण नदी तिथे पोहोचेपर्यंत मावळातून आलेली असते. भुशी धरण रेल्वेचं, वळवण टाटांचं, द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा, डोंगर वनखात्याचा. जबाबदारी झटकायला ही यादी सोयीची पडते. मात्र कचरा उचलायची वेळ आली की या सगळ्यांच्या आवारातून बाहेर पडलेलं पाकीट शेवटी त्याच बाईच्या हातात येतं.

तेव्हा पुढच्या बक्षिसाआधी नगरपरिषदेने एक साधी गोष्ट करावी: वरसोलीच्या वजनकाट्यावरच्या नोंदी वारानुसार जाहीर कराव्यात. गुरुवारचं वजन ५७,६९८ जणांचं धरता येईल, सोमवारी त्यावर जे चढेल ते पाहुण्यांचं. त्या फरकावर हॉटेलं आणि भाड्याच्या बंगल्यांची कचरापट्टी ठरवावी, आणि तिच्यातला ठरावीक वाटा वरसोली ग्रामपंचायतीला जावा. ओरड होईल ती मुख्यतः बंगलेवाल्यांकडून, आणि त्यातल्या बहुतेकांचं मत मुंबई-पुण्यात असतं. एवढी कमी राजकीय किंमत असलेला कर नगरपरिषदेला दुसरा मिळणार नाही.