‘बरं’ कसे म्हटले जाते

मानवी संज्ञापनाचे शाब्दिक आणि अशाब्दिक असे दोन भाग पाडण्याची पद्धत रूढ आहे. परंतु या दोहोंमधली सीमारेषा कुठे आहे, याविषयीची सर्वसाधारण समजूत मात्र बरीच ढिली असते. तोंडाने बोलले ते शाब्दिक आणि न बोलता सुचवले ते अशाब्दिक, असे मानले जाते. वस्तुतः ‘शाब्दिक’ या संज्ञेचा संबंध आवाजाशी नसून शब्दांशी, म्हणजे समाजाने अर्थ ठरवून दिलेल्या आणि व्याकरणाने बांधलेल्या चिन्हांशी आहे. म्हणूनच पत्र हे शाब्दिक संज्ञापन ठरते. आणि कर्णबधिरांची भारतीय सांकेतिक भाषा, जिच्यात हातांच्या खुणा हेच शब्द असतात व वाक्य विधान आहे की प्रश्न हे दाखवण्याचे व्याकरणाचे काम चेहरा करतो, तीही तितकीच शाब्दिक असते. उलट सुस्कारा, हुंकार, खाकरणे, आवाज चढणे हे सारे कानांना ऐकू येत असूनही अशाब्दिकात मोडते.

शब्दांचे खरे सामर्थ्य समोर नसलेल्या गोष्टींविषयी बोलता येण्यात आहे. ‘उद्या पाऊस आला नाही तर’ एवढा साधा विचारही हातवाऱ्यांनी सांगणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्यात काळ, नकार आणि अट या तिन्ही गोष्टी एकवटलेल्या असतात. मराठीत ‘आम्ही निघालो’ आणि ‘आपण निघालो’ यांत ऐकणाऱ्याला वगळले की सामावून घेतले, हे एका सर्वनामाने कळते. मात्र शब्द केवळ माहिती देण्यासाठी वापरले जातात असेही नाही. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की पुष्कळसे बोलणे केवळ परस्परांतले नाते जागते ठेवण्यासाठी असते. ‘जेवण झालं का?’ या प्रश्नाला ताटातल्या पदार्थांची यादी अपेक्षित नसते, आणि निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारा माणूस पुन्हा भेटण्याची इच्छा शब्दाच्या निवडीतूनच व्यक्त करतो.

देहाच्या भाषेचा काही भाग सर्व मानवांत सारखा असल्याचे मत चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये मांडले होते. तिचा बराचसा भाग मात्र संस्कृतीने शिकवलेला असतो. मान वरखाली हलवणे म्हणजे आपल्याकडे होकार, तर बल्गेरियात परंपरेने नकार. दोन माणसांनी परस्परांपासून किती अंतरावर उभे राहावे याचे संकेतही असेच बदलतात, हे एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने विस्ताराने मांडले. अंध व्यक्तींसंबंधीचे १९९८ मधील एक संशोधन या संदर्भात विशेष लक्षणीय आहे, कारण जन्मांध मुले दुसऱ्या अंध व्यक्तीशी बोलतानाही हातवारे करतात असे त्यात आढळले. हातवारे केवळ पाहणाऱ्यासाठी नसून बोलणाऱ्याच्या विचारप्रक्रियेशीही जोडलेले असावेत, असा याचा अर्थ होतो.

या दोन प्रांतांच्या मधोमध आवाज आहे, आणि त्याचा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले असून वाचिकाच्या चर्चेत ‘काकू’ ही संकल्पना येते. काकू म्हणजे अर्थ पालटवणारा आवाजाचा विकार. बोलणे अपुरे ठेवून पुढची अपेक्षा जागवणारी ती साकांक्ष काकू आणि अर्थ पुरा करून थांबणारी ती निराकांक्ष. पुढे रुद्रटाने काकूवर आधारलेल्या वक्रोक्तीला शब्दालंकार मानले, तर काकू हा पठणाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल, अशी हरकत राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त घेतली. हा वाद निव्वळ पांडित्याचा नाही. अर्थ शब्दात असतो की उच्चारात, हाच त्यातला मूळ प्रश्न आहे. ‘काय शहाणा आहेस!’ हे वाक्य लेखी स्वरूपात स्तुती आहे, पण एका विशिष्ट सुरात ते खरमरीत बोलणे ठरते. ‘बरं’ हा शब्द तुटक म्हटला की संमती, लांबवला की नाराजी, सूर वर नेला की ‘पुढे काय?’ असा प्रश्न आणि घाईने दोनदा म्हटला की विषय आटोपता घेण्याची सूचना होतो.

या संदर्भात एक आकडा व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत वारंवार सांगितला जातो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हा आकडा या स्वरूपात चुकीचा आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मधील दोन प्रयोगांच्या आधारे तो मांडला. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून किंवा चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत ऐकवून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखण्यास सांगितले होते. हे प्रमाण भावना व वृत्ती यांच्यापुरतेच आहे, असे पुढे स्वतः मेहराबियन यांनीही नोंदवले. शब्दांना खरोखरच एवढे कमी मोल असते, तर परकी भाषा शिकण्याची गरजच उरली नसती. त्या प्रयोगांतून निघणारा मर्यादित निष्कर्ष मात्र मोलाचा आहे: शब्द एक सांगतात आणि सूर दुसरे, अशा वेळी भावनेच्या बाबतीत ऐकणारा सुरावर विश्वास ठेवतो.

मोबाइलवरील संदेशांत नेमका हाच सूर नसतो. उत्तरादाखल आलेले एकटे ‘बरं’ वाचणारा स्वतःच्या मनःस्थितीनुसार काकू लावून वाचतो, आणि लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला रुसवा त्याला ऐकू येतो. जुन्या मराठी पत्रातही आवाज नव्हता, पण वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि धाकट्यांना ‘चिरंजीव’ लिहिणारा मायना, ‘साष्टांग नमस्कार’ किंवा ‘अनेक आशीर्वाद’ यांसारखे ठरलेले शब्द, मजकूर सुरू होण्यापूर्वीच नात्याचा सूर लावून देत असत. संदेशांतून मायना गेला, पण त्याच्या जागी आवाज आला नाही. हसऱ्या आणि रडव्या चेहऱ्यांची चिन्हे आज ती रिकामी जागा भरून काढण्याचा प्रयत्न करत आहेत.