जुना पहारेकरी, नवा धनी

मनुष्याने घर बांधले, त्याच दिवशी ते राखण्याची चिंताही त्याच्या मागे लागली. कोणी दाराशी कुत्रा बांधला, कोणी पहारेकरी नेमला, कोणी कडीला घुंगरू अडकवले. कुत्रा भुंकतो, पहारेकरी हाक देतो, घुंगरू वाजते. परंतु हे राखणीचे अर्धेच काम झाले. ती हाक ऐकून कोणीतरी उठले पाहिजे. हे उरलेले अर्धे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न विजेच्या युगातही सुटलेला नाही. अमेरिका व कॅनडा या देशांतील लक्षावधी घरांच्या भिंतींवर धोक्याची सूचना देणारी एक पेटी बसविलेली असते. तिला पॅनेल म्हणतात. तुमच्यापैकी कोणाचे काका किंवा मावशी तिकडे राहत असतील, तर त्यांच्या घरीही ती असू शकेल. या जुन्या पेटीला नवे काम कसे शिकवितात, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

या हकीकतीचा आरंभ १८५३ साली होतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस पोप या गृहस्थांनी त्या वर्षी विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचे एकाधिकारपत्र मिळविले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युत्प्रवाहाचे मंडल पूर्ण होई व घंटा वाजू लागे. पुढे एडविन होम्स या व्यापाऱ्याने ते हक्क विकत घेतले आणि प्रथम बॉस्टन व मग न्यूयॉर्क येथे हा धंदा वाढविला. घंटा केवळ घरातच वाजून उपयोग नाही, हे होम्स यांनी ओळखले होते. कारण धनी गावाला गेला असेल, तर रिकाम्या घरात वाजणारी घंटा चोराशिवाय ऐकणार कोण? म्हणून घराघरांतून तारा ओढून त्या एका मध्यवर्ती केंद्रात आणण्यात आल्या. तेथे रात्रभर माणसे जागी असत. मौज अशी की, १८७७ साली होम्स यांच्या पुत्राने बॉस्टनमधील याच तारांवर दूरध्वनीचा प्रयोग केला. दिवसा त्या तारांतून माणसे बोलत आणि रात्री त्याच तारा पहारा करीत.

आता आजच्या पॅनेलकडे वळू. उदाहरणादाखल कॅनडातील डिजिटल सिक्युरिटी कंट्रोल्स या कंपनीचे ‘पीसी १८३२’ नावाचे पॅनेल घेऊ. पत्र्याच्या पेटीत बसविलेली ही एक विद्युत्-फळी असून तिला आठ विभागांच्या तारा जोडता येतात. जोड-भाग लावले, तर ही संख्या बत्तीसपर्यंत जाते. दाराच्या चौकटीत काचेची एक बारीक नळी असते. तिच्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दारावर चुंबक बसविलेला असतो. दार मिटलेले असताना चुंबकाच्या ओढीने पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि प्रवाह वाहतो. दार उघडले की त्या सुटतात आणि प्रवाह खंडित होतो.

येथे एक चतुराई आहे, ती नीट समजून घ्या. पोप यांच्या घंटेत दार उघडल्यावर प्रवाह सुरू होई. म्हणून चोराने आधीच तार कापली, तर घंटा मुकी होई. आजच्या पॅनेलमध्ये प्रवाह सदैव वाहत असतो. तो थांबला की धोका! मग चोर म्हणेल, ‘तार कापत नाही, दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो, म्हणजे प्रवाह कधी थांबणारच नाही.’ त्यावर उपाय म्हणून तारेच्या अगदी टोकाला, दाराच्या कळीजवळ, ५६०० ओहमचा एक लहानसा रोधक बसवितात. पॅनेल सारखा तो रोध मोजीत असते. तार कापली तर रोध अनंत होतो, तारा जोडल्या तर तो शून्यावर येतो. दोन्ही प्रसंगी पॅनेलला कळते की आकडा बदलला. मात्र हा रोधक आळसाने पेटीतच बसविला, तर ही सारी युक्ती व्यर्थ जाते. आणि खेदाची गोष्ट ही की पुष्कळ घरी तो पेटीतच सापडतो.

धोका ओळखल्यावर पॅनेल भोंगा वाजविते आणि मध्यवर्ती केंद्राला दूरध्वनी करते. त्या वेळी घरात कोणी फोनवर बोलत असेल, तरी त्याचे बोलणे तोडून ते तार स्वतःकडे घेते. केंद्रातील यंत्र फोन उचलते आणि दोन स्वर ऐकविते. पहिल्याची कंपने सेकंदाला १४००, दुसऱ्याची २३००. ‘मी ऐकत आहे, बोल’ असा त्याचा अर्थ. मग पॅनेल सोळा अंक स्वरांच्या रूपाने पाठविते. समजा, ते अंक असे आहेत:

४७१५ १८ १ १३१ ०१ ००३ ९

पहिले चार अंक हा घराचा क्रमांक. १८ म्हणजे संदेशाची भाषा कोणती, याची खूण. पुढचा १ सांगतो की घटना नुकतीच घडली आहे. पूर्वस्थिती आली, तर तेथे ३ असतो. १३१ म्हणजे घराच्या बाहेरच्या कडेने, दारा-खिडकीवाटे, शिरकाव. आग असती, तर ११० आला असता. ०१ हा घराचा भाग व ००३ म्हणजे तिसरा विभाग. समजा, ते मागचे दार आहे. शाळेची घंटा मधली सुट्टी झाली, तास संपला की शाळा सुटली हे ठोक्यांच्या पद्धतीवरून सांगते, तशीच ही गोष्ट आहे. नुसता आवाज पुरत नाही, आवाजाला अर्थ असावा लागतो.

आणि शेवटचा ९ कशासाठी? तो पडताळा आहे. सर्व अंकांची बेरीज करा. मात्र शून्य आले की ते दहा धरा. पहिल्या पंधरा अंकांची बेरीज ६६ येते. तिच्यापुढील, पंधराने नि:शेष भाग जाणारी संख्या ७५. दोहोंतील अंतर ९, तोच शेवटचा अंक. वाटेत एखादा स्वर बिघडला, तर बेरीज जुळत नाही, केंद्र पोचपावती देत नाही आणि पॅनेल तोच संदेश पुन्हा पाठविते. वहीत करून पाहा. एखादा अंक बदलून बेरीज का जुळत नाही, तेही पाहा.

ही व्यवस्था पुष्कळ वर्षे उत्तम चालली. मग ती का बदलावी लागली? एक तर केंद्राच्या पहाऱ्याचे शुल्क दरमहा द्यावे लागते. दुसरे, अनेकांनी घरचा तारेचा दूरध्वनी काढून टाकला. काहींनी इंटरनेटवरून चालणारा दूरध्वनी घेतला. पण मनुष्याच्या बोलण्यासाठी आवळलेल्या त्या वाटेत पॅनेलचे स्वर कधी कधी विद्रूप होतात. काही पॅनेलांना मोबाइलच्या तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर बोलणारे यंत्र जोडलेले होते. अमेरिकेतील ती जाळी २०२२ साली बंद झाली आणि न बदललेली यंत्रे एका दिवसात मुकी झाली. दाराचे चुंबक शाबूत, तारा शाबूत, भोंगा शाबूत. फक्त बाहेरच्या जगाशी बोलण्याची वाट बंद. अशा वेळी चांगली पेटी फेकून देण्यापेक्षा तिला दुसरी वाट का दाखवू नये, असा विचार लोकांनी केला. केंद्राला निरोप देण्याऐवजी तिने थेट घरमालकाच्या फोनवर निरोप द्यावा. यालाच स्वतःचा पहारा स्वतः करणे म्हणतात.

त्यासाठी पॅनेल नव्याने पढवावे लागते. पेटी आपली असली पाहिजे, हे प्रथम पाहावयाचे. ती कंपनीकडून भाड्याने आलेली असेल, किंवा करार संपला नसेल, तर तिला हात लावता येत नाही. मग भिंतीवरील अंक-फळीवर तारांकन व आठ ही कळ दाबून, बसविणाऱ्या कारागिराचा चार अंकी गुप्तांक द्यावयाचा. कारखान्यातून निघताना हा अंक ५५५५ असतो आणि तो पुस्तिकेत छापलेलाच असतो. म्हणून तो बदलणे हे कारागिराचे पहिले कर्तव्य होय. काही कारागीर याहून पुढे जाऊन पेटीला असे कुलूप घालतात की गुप्तांक ठाऊक नसेल, तर तिला मूळ स्थितीलाही आणता येत नाही. अशी पेटी वीज दिल्याबरोबर दहा वेळा टक् टक् असा आवाज करून आपली अडचण सांगते. मग गुप्तांक जुन्या कंपनीकडून मागून घेणे किंवा फळी बदलणे, एवढेच मार्ग उरतात.

आत शिरल्यावर पॅनेलची स्मृती एखाद्या वहीप्रमाणे क्रमांकांच्या पानांत विभागलेली दिसते. वीज गेली तरी ही स्मृती पुसत नाही. ००१ या पानावर प्रत्येक विभागाचा स्वभाव लिहिलेला असतो: पुढचे दार उघडल्यावर थोडा वेळ थांबावे, खिडकी उघडल्यावर मात्र लगेच ओरडावे. ३०१ या पानावर केंद्राचा दूरध्वनी क्रमांक, ३१० वर घराचा क्रमांक. ३८० या पानावरील पहिली खूण काढली की केंद्राशी बोलणे बंद होते. हे करावेच लागते; नाहीतर पेटी जुन्या क्रमांकाला हाका मारीत राहते, उत्तर आले नाही म्हणून तक्रारीचा दिवा लावते, आणि तो दिवा रोज पाहून माणसे खऱ्या बिघाडाच्या दिव्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. यानंतर पेटीतील लाल, काळ्या, पिवळ्या व हिरव्या अशा चार तारांच्या जोडावर इंटरनेटशी बोलणारी एक लहान फळी बसवितात. भिंतीवरची अंक-फळीही याच चार तारांवर चालते. त्यामुळे नवी फळी पॅनेलला जणू आणखी एक अंक-फळीच वाटते. पॅनेल तिला सर्व काही सांगते आणि ती ते घरमालकाच्या फोनवर पोचविते. हे जोडकाम करताना भिंतीतील विजेचा रोहित्र-खटका व पेटीतील बॅटरी ही दोन्ही आधी सोडवावी लागतात, म्हणून ते मोठ्या माणसाचे काम.

येथवर यंत्राचे काम झाले. यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. केंद्रातील माणूस रात्री जागा असतो, कारण जागणे ही त्याची नोकरी आहे. घरमालक मात्र झोपतो, विमानात बसतो, सभेत फोन मुका करतो. निरोप आला आणि कोणी वाचला नाही, तर तो न आल्यासारखाच. म्हणून निरोप एका फोनवर न ठेवता दोघा-तिघांकडे जावा आणि त्यांत एक जण त्याच गल्लीत राहणारा असावा.

आणखी एक अडचण आहे. अमेरिकेत संकटकाळी ९११ हा क्रमांक लावतात. पण तो फोन, बोलणारा जेथे असेल, तेथल्या केंद्राला जातो. घर न्यू जर्सीत आणि मालक कॅलिफोर्नियात असेल, तर फोन कॅलिफोर्नियात वाजतो! तेव्हा आपल्या गावच्या पोलिसांचा पूर्ण दहा अंकी क्रमांक आधीच लिहून ठेवावा लागतो. शिवाय धोक्याच्या बहुसंख्य हाका खोट्या निघतात, म्हणून पोलीसही सावध झाले आहेत. सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० सालापासून असा नियम केला की, घटना खरी असल्याची खात्री कोणीतरी केल्याशिवाय चोर-घंटेसाठी पोलीस धावणार नाहीत. ही खात्री पूर्वी दुसऱ्या कोणी केली असती. आता ती घरमालकाच्या माथी येते.

आगीच्या बाबतीत मात्र माझे मत निराळे आहे. चोर सामान नेतो, धूर प्राण नेतो. धुराची सूचना केवळ फोनवरच्या निरोपावर सोडू नये. घरात झोपलेल्यांना उठविणारा मोठा भोंगा आधी हवा. आणि घरात वृद्ध किंवा आजारी मनुष्य एकटा असेल, तर केंद्राचे शुल्क भरणेच बरे.

सर्व जुळवून झाल्यावर परीक्षा घेतात. एकेक दार, एकेक खिडकी उघडून फोनवर नेमके तेच नाव उमटते की नाही, ते पाहतात. मग घराची वीज बंद करतात. पेटीत १२ व्होल्टची बॅटरी असते. ती ७ अँपिअर-तासांची असेल आणि सर्व यंत्रे मिळून पाव अँपिअर प्रवाह घेत असतील, तर हिशेबाने ती २८ तास पुरावी. जुनी बॅटरी त्याहून कमी टिकते. परंतु या परीक्षेत पुष्कळदा भलतीच गोष्ट उघडकीस येते. पेटी जागी असते, पण इंटरनेट देणारे यंत्र वीज जाताच निजलेले असते. त्यालाही वेगळी बॅटरी द्यावी लागते.

शेवटचे काम अगदी लहान. पुढच्या खिडकीवर जुन्या कंपनीचा कागद चिकटविलेला असतो, तो खरवडून काढावयाचा. एखादा भला शेजारी भोंगा ऐकून धावत येईल, त्या कागदावरचा क्रमांक फिरवील, आणि पलीकडचा मनुष्य सांगेल की हे घर आता आमच्या वहीत नाही.