धक्क्याला लागताना

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रिचमंड गावी ॲम्ब्रोज वीरेस नामक शेतकऱ्याने १९५२ च्या सुमारास पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी तक्तपोशी ठोकून जी पाँटून नौका जन्मास घातली, तिचे तरंडे आज बहुधा ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचे असतात. हा धातू हलका खरा, परंतु धक्क्याच्या खांबाशी गाठ पडताच त्यास पोचा येण्यास विलंब लागत नाही. या नौकेचा वैरी लाटांहून वारा अधिक : तळ उथळ आणि वर सभोवार कठडा व छत असल्यामुळे, गती मंदावली की इंजिनाचा अंमल सरून वाऱ्याचा सुरू होतो. म्हणून शक्य तेव्हा वाऱ्यास सामोरे जात, अगदी सावकाश धक्क्यास यावे.

नौका व धक्का यांच्यामधील आघात झेलणारे, हवा भरलेले फेंडर सोडण्याची तजवीज धक्का गाठण्यापूर्वीच करावी, आणि ते कठड्याच्या वरच्या दांडीस न बांधता तक्तपोशीलगतच्या खालच्या दांडीस बांधावेत, कारण कठड्याचा पातळ पत्रा असला दाब सोसण्यासाठी घडविलेलाच नसतो. जुन्या टायरांचा बंदोबस्त कोकणातील मच्छीमार होड्यांना पुरतो. येथे मात्र त्यांचे काळे ओरखडे उमटतात. धक्क्याच्या कडेला व्हिनाइलची पट्टी बरी. नौका पुढेमागे सरकून फेंडर जागचे हलू नयेत, यासाठी पुढच्या-मागच्या दोरांखेरीज तिरके दोरही हवेत. हातापायांनी नौका थोपविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तिचे वजन सहज टनाच्या घरात जाते.